आठवड्यातून किती दिवस जिम, आणि खंड पडल्यावर पुन्हा सुरुवात कशी करावी?

गोदाकाठ

माझे वय ४३ असून मी नाशिकमध्ये एका बँकेच्या शाखेत नोकरी करते. गेल्या वर्षीच्या रक्ततपासणीत एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतील सरासरी साखर दाखवणारा आकडा) ६ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर आले, तेव्हा डॉक्टरांनी चालण्याबरोबरच वजनांचा व्यायामही करण्यास सांगितले. त्याप्रमाणे घराजवळच्या जिममध्ये वर्षभराची मेंबरशिप घेतली. ट्रेनरने पहिल्याच दिवशी वेळापत्रक हातात ठेवले: सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी खांदे, गुरुवारी पाय, शुक्रवारी दंड आणि शनिवारी पोट व ट्रेडमिल. सुरुवातीला ते उत्साहाने पाळले. परंतु शाखेत कधी ऑडिट लागते, कधी रोकड जुळत नाही म्हणून निघायला उशीर होतो, की एक वार बुडतो आणि त्यापाठोपाठ दुसरा बुडतो. गौरी-गणपतीचा आठवडा किंवा मार्चअखेर आली, की त्यानंतर महिनाभर जिमची पायरी चढणेच होत नाही. मग कधीतरी निर्धाराने परत जाते, पूर्वीचीच वजने उचलते, दुसऱ्या दिवशी जिना उतरताना कठड्याला धरावे लागते आणि पुन्हा खंड पडतो.

माझ्यासारखीने आठवड्यातून नेमके किती दिवस जावे? खंडानंतर सुरुवात कुठून करावी? आणि सकाळ बरी की संध्याकाळ? "इच्छाशक्ती वाढवा" याखेरीज काही सुचवता आले, तर आभारी राहीन.

वजनदार

ताई, दोष तुमच्या इच्छाशक्तीत नसून त्या वेळापत्रकात आहे. एका दिवशी शरीराचा एकच भाग, हे नियोजन बरीच वर्षे व्यायाम करणाऱ्यांसाठी ठीक आहे, कारण एका भागाला पुरेसे काम देण्यासाठी त्यांना तेवढे सेट (एका दमात, न थांबता केलेल्या आवर्तनांचा गट) लागतात. नवशिक्याला ते लागत नाहीत. शिवाय तुमच्या तक्त्यात एक गुरुवार बुडाला की पायांचा व्यायाम थेट पुढच्या आठवड्यावर जातो, आणि साखरेच्या दृष्टीने पाहिले तर पायांचे आणि पाठीचे मोठे स्नायूच सर्वांत महत्त्वाचे आहेत.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम, आणि त्याच्या जोडीला किमान दोन दिवस सर्व मोठ्या स्नायूंना ताकदीचा व्यायाम सांगितला आहे. म्हणून तुम्ही तीन दिवस ठरवावेत आणि दरवेळी संपूर्ण शरीराचा व्यायाम करावा. तीनपैकी एक दिवस बुडाला तरी प्रत्येक स्नायूला आठवड्यातून दोनदा काम मिळालेले असते, त्यामुळे "आठवडा वाया गेला" असे म्हणण्याची वेळ येत नाही.

व्यायाम पाचच ठेवावेत, आणि निदान तीन महिने तेच ठेवावेत. पायांसाठी गॉब्लेट स्क्वॉट, म्हणजे डंबेल उभे धरून छातीशी टेकवायचे आणि मागे स्टूल आहे असे समजून बसायचे. टाचा उचलल्या जात असतील तर पाय थोडे फाकवावेत, पंजे किंचित बाहेर वळवावेत आणि थोडे कमी खाली बसावे. मांड्यांच्या मागच्या बाजूसाठी डंबेलने रोमानियन डेडलिफ्ट (पाठ सरळ ठेवून कमरेतून पुढे झुकायचे आणि उठायचे), छातीसाठी डंबेल प्रेस (बाकावर उताणे पडून डंबेल वर ढकलायचे), पाठीसाठी लॅट पुलडाउन (यंत्राचा वरचा दांडा छातीकडे ओढायचा) किंवा बसून रोइंग (यंत्राची मूठ पोटाकडे ओढायची), आणि शेवटी दोन्ही हातांत डंबेल घेऊन ताठ चालणे. प्रत्येकाचे दोन सेट, प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ रेप्स, म्हणजे आवर्तने. सेट संपताना अजून दोन-तीन रेप्स निघाल्या असत्या असे वाटले, तर वजन योग्य आहे. वॉर्मअप धरून ४५ मिनिटांत सगळे आटोपते.

आता वहीविषयी, कारण माझ्या मते सातत्याचे निम्मे काम वहीच करते. साधी छोटी वही घ्यावी आणि तिच्यात "स्क्वॉट, १० किलो, १२, ११" एवढेच लिहावे. पुढच्या वेळी १२, १२ झाले की त्याच्या पुढच्या खेपेस साडेबारा किलोचे डंबेल घेऊन पुन्हा ८ पासून चढायचे. अशाने जिममध्ये शिरताना "आज काय करू" हा प्रश्न उरत नाही. सुरुवातीच्या काही आठवड्यांत आकडे भराभर वाढतात, पण आरशात फरक दिसत नाही, कारण त्या काळातली वाढ मुख्यतः मज्जासंस्था स्नायूंना कामाला लावायला शिकते त्यामुळे होते. स्नायू भरायला जास्त वेळ लागतो. आरशाकडे पाहून कंटाळणारे पुष्कळ लोक वहीकडे पाहिले असते तर टिकले असते.

खंडाविषयी माझा नियम असा आहे. आठवडाभराचा खंड हा खंड धरू नये; होता तेथून पुढे चालावे. दोन-तीन आठवडे गेले असतील, तर वजने १० ते २० टक्क्यांनी उतरवावीत. महिना किंवा त्याहून अधिक लोटला असेल, तर पहिला आठवडा निम्म्या वजनांवर प्रत्येकी एकच सेट करावा, मग तो कितीही पोरकट वाटला तरी. अंगदुखी व्यायामानंतर साधारण एक ते तीन दिवसांत कळसाला पोचते, आणि ती व्यायाम चांगला झाल्याची पावती नसून स्नायूंना सवय नसल्याची खूण आहे. जिना उतरणे अवघड करणारे दुखणे येऊ न देणे हाच परतण्याच्या आठवड्याचा एकमेव उद्देश समजावा. गमावलेली ताकद पहिल्यांदा मिळवली होती त्याहून लवकर परत येते, त्यामुळे घाईला काही कारणही नाही.

मार्चअखेरीसाठी वेगळी तजवीज करावी. मिळवलेली ताकद टिकवायला ती मिळवण्यापेक्षा फारच कमी व्यायाम पुरतो. त्या महिन्यात आठवड्यातून एकदाच जावे, स्क्वॉट, प्रेस आणि रोइंग यांचा एकेक सेट करून वीस मिनिटांत बाहेर पडावे; फक्त वजन नेहमीचेच ठेवावे.

लाल माती

वजनदार यांच्या बहुतेक मुद्द्यांशी सहमत आहे, पण "आठवड्यातून तीन दिवस" याविषयी माझे मत निराळे आहे. मी कोल्हापूरचा; लहानपण तालमीच्या आसपास गेले. तालमीत पहाटे उठून जोर-बैठका मारणाऱ्या पोराला कोणी "आज येणार का" असे विचारत नाही, कारण न येण्याचा पर्यायच त्याच्यापुढे ठेवलेला नसतो. आठवड्यातून तीन दिवस म्हटले की उरलेले चार दिवस सुटीचे होतात, आणि मंगळवारचे उद्यावर ढकलण्याची सोय आपोआप तयार होते. गोदाकाठ यांची अडचण मला तरी नेमकी हीच दिसते.

म्हणून वजने तीन दिवसच उचलावीत, परंतु अंग हलवण्याची वेळ रोजची ठेवावी. उरलेल्या दिवशी त्याच वेळेला घरी बारा सूर्यनमस्कार घालावेत किंवा वीस मिनिटे झपाझप चालावे. जिम बंद असली, गावी गेलो असलो, पाऊस कोसळत असला, तरी एवढे होतेच. जोर जमत नसतील तर हात ओट्यावर किंवा पलंगाच्या कडेवर टेकवून मारावेत. गुडघ्यांची तक्रार असेल, तर बैठका मात्र तालमीसारख्या पूर्ण खाली जाऊन काढू नयेत. खुर्चीवर टेकून उठावे.

दुसरी गोष्ट वस्तादाची. तालमीत चार दिवस दिसला नाहीत तर वस्ताद घरी निरोप धाडतो. जिमवाल्याने वर्षाचे पैसे आगाऊ घेतलेले असतात, त्यामुळे तुम्ही न आलात तर त्याचे नुकसान काहीच नाही. उलट ट्रेडमिल तेवढी कमी झिजते. तेव्हा विचारणारे माणूस आपणच शोधावे लागते. शाखेतली सहकारी, शेजारीण, जाऊबाई, कोणीही चालेल. अट एवढीच, की तीही त्याच वेळी तेथे यायला हवी.

अनुस्वार

दोघांच्या वादात थोडी भर घालतो. सवय २१ दिवसांत लागते असे सर्रास सांगितले जाते, त्यावर विसंबू नये. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील संशोधकांनी ९६ जणांना रोज एक नवी गोष्ट करायला सांगून ती कितपत आपसूक होऊ लागते याची नोंद घेतली होती. त्यांच्या अंदाजानुसार सरासरी ६६ दिवस लागले, पण माणसामाणसांतील अंतर १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होते, आणि पाणी पिण्यासारख्या सोप्या गोष्टींपेक्षा व्यायामाला अधिक काळ लागला. गोदाकाठ यांच्या दृष्टीने महत्त्वाचा निष्कर्ष वेगळाच आहे: एखादा दिवस चुकल्याने सवय लागण्याच्या प्रक्रियेत म्हणण्यासारखा फरक पडला नाही. बुडालेला एक वार निरुपद्रवी असतो. त्याच्याविषयीची रुखरुख आपल्याला आठवडाभर घरी बसवते.

त्या अभ्यासातील लोकांनी नवी कृती रोजच्या एखाद्या ठरलेल्या प्रसंगाला जोडली होती, उदाहरणार्थ न्याहारीनंतर. "संध्याकाळी जाईन" हा बेत पुरेसा नाही. "शाखेतून निघाले की घरी न जाता थेट जिम" हा बेत आहे. घरी एकदा चहा झाला, कुकर लावला, की पुन्हा बाहेर पडणे शंभरात दोघांना जमत असेल. बूट आणि कपड्यांची पिशवी आदल्या रात्री स्कूटरच्या डिकीत टाकून ठेवावी. सकाळ की संध्याकाळ याचे उत्तरही येथेच आहे: तुमच्या दिवसातील ज्या वेळेवर बँकेचा आणि स्वयंपाकघराचा हक्क सर्वांत कमी आहे, ती वेळ घ्यावी. सात वाजता जिममध्ये डंबेलच्या रॅकपाशी मुलांची झुंबड असते, हेही हिशेबात धरावे.

जाता जाता: मेंबरशिप काही आठवड्यांसाठी थांबवता येते का, हे नूतनीकरणाच्या वेळी विचारून लेखी घ्यावे. बऱ्याच ठिकाणी ही सोय असते, पण ती आपणहून कोणी सांगत नाही.

हिरवी वेलची

गोदाकाठताई, मी वयाने तुमच्यापेक्षा दहा वर्षांनी मोठी आहे आणि रजोनिवृत्तीनंतर वजने उचलायला लागले, म्हणून दोन गोष्टी लिहिते. या वयात हाडांची घनता उतरू लागते आणि वजनांच्या व्यायामाने ती टिकवायला मदत होते. साखरेचे म्हणाल, तर जेवणानंतर रक्तात आलेल्या ग्लुकोजचा मोठा वाटा स्नायूच उचलतात, तेव्हा डॉक्टरांचा सल्ला अगदी नेमका आहे. साखरेची औषधे सुरू असतील तर व्यायाम वाढवण्यापूर्वी त्यांना सांगावे. रक्तदाब असेल तर वजन उचलताना श्वास कोंडून धरू नये.

आता खाणे. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीप्रमाणे प्रौढांना दर किलो वजनामागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिने लागतात, म्हणजे ६० किलोच्या बाईला सुमारे ५० ग्रॅम. वजनांचा व्यायाम करणाऱ्यांनी याहून जास्त घेणे बरे. आपल्या पोळी-भाजी-वरण-भातात, त्यातही वरण पातळ असेल तर, ५० गाठतानाच दमछाक होते. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८ ग्रॅमच्या आसपास, शंभर ग्रॅम पनीरमध्ये साधारण १८ ग्रॅम. मी सकाळच्या पोह्यांऐवजी मुगाचे धिरडे करू लागले आणि संध्याकाळी जिमपूर्वी मूठभर फुटाणे व एक केळे खाते. बँकेतून उपाशीपोटी थेट जिममध्ये गेलात, तर तिसऱ्या व्यायामालाच गळून जाल आणि त्याचा ठपका उगाच आळसावर येईल. श्रावणात उपवास असतील, तर त्या दिवशी साबुदाण्याच्या खिचडीच्या बळावर पायांचा व्यायाम करायला जाऊ नका, वार बदला.

गोदाकाठ

सर्वांचे मनापासून आभार. मंगळवार, गुरुवार आणि शनिवार ठरवले आहेत. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी बँक बंद असते, तेव्हा त्या दिवशी सकाळी जाईन. रविवारी आमची जिम बंद असते. उरलेल्या दिवशी लाल माती यांचे सूर्यनमस्कार. एकच अडचण शिल्लक आहे. ट्रेनरला हे दाखवले, तर तो म्हणाला, "मॅडम, एवढ्याने काहीच होत नाही, रोज वेगळे केले पाहिजे, नाहीतर बॉडीला सवय होते." त्याला न दुखावता काय सांगावे?

वजनदार

त्याच्याशी वाद घालू नका, त्याला काम द्या. "मला हेच पाच व्यायाम तीन महिने करायचे आहेत, तुम्ही माझा स्क्वॉट बाजूने बघा आणि पाठ वाकते का ते सांगा," असे म्हणा. बहुतेक ट्रेनरना असे विचारलेले आवडते, आणि तेवढी मदत तुम्हाला खरोखर लागणार आहे, विशेषतः रोमानियन डेडलिफ्टला. शरीराला सवय होऊ नये म्हणून व्यायाम बदलायची गरज नाही. वजन वाढवले की पुरे. तीन महिन्यांनी वही त्याच्यापुढे ठेवा आणि पुढे काय बदलावे ते त्यालाच विचारा. तोवर दहा किलोचे डंबेल कुठवर गेले, ते येथेही कळवा.