डोंगर आणि समुद्राच्या मधल्या गावात घर घेताना काय तपासायचं?

नवी_वाट

नमस्कार. मागे डोंगर, पुढे समुद्र, वर्षातले बहुतेक दिवस लख्ख ऊन, अशा एका छोट्या गावात कायमचं राहायला जायचा विचार आहे. आधी एकेक आठवड्याच्या दोन फेऱ्या करून बघणार. घर किनाऱ्यालगत घ्यावं की चढावर? फेऱ्या कोणत्या दिवसांत कराव्यात? आणि एवढं ऊन असताना पाण्याचं काय? घर जुनं, काँक्रीटचंच मिळेल असं दिसतंय. जाहिरातींच्या फोटोंत सगळी गावं सुंदरच असतात, तेव्हा जागेवर उभं राहून नेमकं काय बघायचं ते सांगा.

पाणलोट

आधी पाणी बघा, बाकी सगळं नंतर. अशी बरीच गावं पर्जन्यछायेत असतात. पाऊस डोंगरापलीकडे पडतो आणि अलीकडे उतरणारी हवा दर १००० मीटरला साधारण १० अंशांनी तापत येते, त्यामुळे ढग विरतात. म्हणजे जे ऊन हवंहवंसं वाटतं, तेच पाण्याची टंचाई घेऊन येतं.

घराला विहीर किंवा बोअर असेल तर हे पक्कं लक्षात ठेवा: किनाऱ्याजवळ जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. गोड्या पाण्याची पातळी समुद्राच्या वर १ मीटर असेल, तर खाली साधारण ४० मीटरपर्यंत गोडं पाणी मिळतं. उपसा वाढून ती पातळी अर्धा मीटर उतरली, की खालचं खारं पाणी हळूहळू २० मीटर वर सरकतं. म्हणून 'बोअर अजून खोल नेऊ' हा तिथे उपाय नाही, तो खाऱ्या पाण्याला आमंत्रण देण्याचा प्रकार आहे.

टीडीएस मीटर (पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारं यंत्र) बरोबर न्या. पहिली बादली मोजून उपयोग नाही. पंप दोन-तीन तास चालू द्या आणि मग मोजा. ६०० पर्यंत चव चांगली लागते, १००० च्या वर पाणी तोंडात धरवत नाही. आकडा पंप चालू असताना चढत गेला तर ते घर सोडून द्या. हे सगळं कोरड्या हंगामाच्या अगदी शेवटी करायचं. पाऊस पडून गेल्यावर प्रत्येक विहीर गोडच लागते. तेव्हा एक फेरी त्या दिवसांत, दुसरी ऐन हिवाळ्यात.

खारा_वारा

वरच्या प्रतिसादाला अनुमोदन. किनारा की चढ, याबद्दल: पहिल्या काहीशे मीटरमध्ये हवेतलं मीठ झपाट्याने कमी होतं. समुद्र दिसेल पण त्याचे तुषार पोचणार नाहीत, इतकं मागे राहा.

जुन्या काँक्रीटच्या घरात स्लॅबच्या खालच्या बाजूला सळयांच्या रेषेत तपकिरी डाग किंवा सरळ चिरा आहेत का बघा. सळई गंजली की गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीहून जास्त जागा लागते, त्यामुळे काँक्रीट आतून फुटतं. लहान हातोडीने ठोकत जा. पोकळ आवाज आला तर तिथला थर सुटलाय. वरून नवा रंग दिलेला असेल तर हे हमखास करा.

आणि छज्जाखालचं लोखंड उघड्यावरच्या लोखंडापेक्षा आधी खराब होतं. उघड्यावरचं मीठ पावसाने धुऊन जातं, आडोशाचं तसंच साचून राहतं. म्हणून आडोशाची ग्रील, कड्या, बिजागऱ्या, एसीचं बाहेरचं युनिट गोड्या पाण्याने नियमित धुवायचं. स्टेनलेस स्टील ३१६ प्रतीचं घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. ३०४ ला खाऱ्या हवेत तपकिरी डाग पडतात. अ‍ॅल्युमिनियमच्या खिडकीत स्टीलचे स्क्रू असतील तर स्क्रूच्या भोवती पांढरी भुकटी दिसते. तिथे स्क्रू शाबूत राहतो, अ‍ॅल्युमिनियम खाल्लं जातं. नायलॉनचे वॉशर घातले की दोन धातूंचा संबंध कमी होतो.

दगडगोटे

चढ म्हणजे ओढ्याचं तोंड नव्हे. डोंगरातून ओढा बाहेर पडतो तिथली पंख्यासारखी पसरलेली जमीन बघायला फार छान असते, पण ती पुरानेच आणून टाकलेली असते. कुंपणाच्या पायाजवळ थोडं खणून बघा. गोल गोटे निघाले तर पाणी तिथवर आलेलं आहे. मोठाले दगड आणि चिखल एकत्र कालवल्यासारखे असतील तर जास्त वाईट, तिथे चिखल-दगडांचा लोंढा येऊन गेलाय. वर डोंगरात पाऊस झाला की गावात ऊन असतानाही कोरडा ओढा अचानक भरून येतो.

त्याच तोंडातून रात्री थंड हवा खाली उतरते. डोंगरावरून गरम कोरडा वारा सुटणाऱ्या गावात वणव्याची भीती असते: भिंतीपासून दीड मीटरपर्यंत सुकं गवत, लाकूडफाटा काही नको, आणि छपराच्या झरोक्यांना ३ मिलिमीटरची धातूची जाळी लावा, कारण घरं बहुतेक वेळा उडत्या ठिणग्यांनी पेटतात.

रस्ते मोजा. एकच रस्ता असेल आणि तो कड्याखालून जात असेल, तर दरड पडल्यावर दवाखाना किती लांब राहतो याचा विचार करा.

नवी_वाट

खूप आभार, ही माहिती कुठेच एकत्र मिळाली नव्हती. एक शंका: गाव ४० अंश उत्तर अक्षांशावर आहे आणि डोंगर दक्षिणेला. हिवाळ्यात ऊन मिळेल ना?

पाणलोट

डोंगर किती उंच आणि किती जवळ, यावर आहे. २२ डिसेंबरच्या आसपास भर दुपारी सूर्य ९० वजा ४० वजा २३.४, म्हणजे २६.६ अंशांवर असतो. घरापासून ६०० मीटरवर ३०० मीटर उंचीचा कडा असेल तर त्याचा माथा बरोबर तेवढ्याच कोनात येतो, म्हणजे त्या दिवसांत ऊन जवळपास मिळणारच नाही. हात ताठ करून मूठ धरा: एक मूठ साधारण १० अंश. क्षितिजापासून एकावर एक मुठी ठेवत माथ्यापर्यंत मोजा. दीड मूठ असेल तर दुपारचं ऊन मिळेल, अडीच मुठींच्या वर गेलं तर पुढची गल्ली बघा. नैर्ऋत्येलाही मोजा, तिथे माथा उंच असेल तर हिवाळ्यात संध्याकाळ फार लवकर होते. आणि तिथेच उभं राहून मोबाइलची रेंजही बघून घ्या. कडा जवळ असला की तीही अडते.