मदत हवी आहे: अँबेसेडर मार्क टू, नवीन वायरिंग टाकलं पण चावी बंद असतानाही टेस्ट बल्ब पेटतोय

नमस्कार मंडळी, मी अमळनेरचा. आमच्याकडे आजोबांची १९६९ची अँबेसेडर मार्क टू आहे, १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन, डायनामोवाली (इंजिनवर फिरून बॅटरी चार्ज करतो तो), सगळं ओरिजिनल. आजोबा गेल्यावर सहा-सात वर्षं गाडी खळ्यातल्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती, बाजूला दरवर्षी कपाशीचा ढीग आणि त्या ढिगात उंदीर, म्हणजे वायरिंगचं काय झालं असेल ते सांगायला नको. तरी मागच्या वर्षी कार्बोरेटर साफ केला, टाकी धुतली, नवीन बॅटरी टाकली आणि गाडी सुरू झाली. तो आवाज ऐकून आजी ओट्यावर येऊन उभी राहिली होती.

आता मुद्द्यावर येतो. आखाजीच्या (अक्षय तृतीयेच्या) दोन दिवस आधी पेट्रोल भरून आलो, गाडी अंगणात लावली, चावी काढून खाली उतरलो, आणि हातपाय धुऊन येतो तोवर डॅशबोर्डखालून आणि बॉनेटमधून धूर. इंजिन बंद, लाईट बंद, चावी माझ्या खिशात. बॅटरीचं टर्मिनल नशिबाने ढिलं होतं, ते फडक्याने ओढून काढलं म्हणून गाडी वाचली.

नंतर वायरिंग उघडलं. जुन्या वायरींवर ते सुती विणलेलं आवरण असतं ना, ते वरून ठीक दिसत होतं पण वायर जरा वाकवली की आतलं रबर खडीसाखरेसारखं तुटून हातात येतं आणि तांबं काळं पडलेलं. दोन ठिकाणी उंदरांनी पार उघडं केलेलं. सगळ्यात जास्त जळालेली वायर म्हणजे कटआउटकडून (डायनामो आणि बॅटरीच्या मधला डबा) डायनामोकडे जाणारी पिवळी, ती अख्खी भाजल्यासारखी झाली होती.

म्हणून ठरवलं की जोडाजोड नको, पूर्ण सेटच बदलायचा. मुंबईहून मार्क टूचा म्हणून रेडिमेड सेट मागवला, चांगला जाड आहे, पीव्हीसी वायर आहे, पिना दाबून बसवलेल्या आहेत. जुनं वायरिंग काढताना प्रत्येक टोकाला कागदी टेप लावून नंबर टाकले, फोटो काढले, आणि डिकीकडे जाणारा तुकडा ओढताना त्याच्या टोकाला सुतळी बांधली म्हणजे त्याच सुतळीने नवीन तुकडा आतून ओढता आला. ही सुतळीची गोष्ट ज्यांना करायचं आहे त्यांनी लक्षात ठेवा, नाहीतर आतल्या पोकळीतून वायर काढताना दिवस जातो.

आता अडलंय कुठे ते सांगतो.

पहिलं म्हणजे रंग जुळत नाहीत. जुन्या सेटमध्ये डायनामोकडून कटआउटकडे एक पिवळी आणि एक पिवळी-हिरवी पट्टी अशा दोन वायरी होत्या. नवीनमध्ये पिवळी कुठेच नाही, त्या जागी तपकिरीवर पिवळी पट्टी आणि तपकिरीवर हिरवी पट्टी. लांबीवरून वाटतंय की ह्याच त्या, पण कोणती कुठे? शिवाय तीन वायरी उरतायत ज्यांना माझ्या गाडीत जागाच नाही.

दुसरं आणि मोठं. अंदाजाने लावून मी बॅटरी सरळ जोडली नाही, मध्ये २१ वॅटचा ब्रेक लाईटचा बल्ब घातला, कुठे शॉर्ट असेल तर वायर जळायच्या ऐवजी बल्ब पेटेल ह्या हिशोबाने. तर चावी बंद, सगळे स्विच बंद, आणि बल्ब फुल पेटतोय. हॉर्नची वायर काढली, फ्यूज बॉक्समध्ये दोनच फ्यूज आहेत ते दोन्ही काढले, आतला दिवा काढला, तरी पेटतोच. नवीन सेटमध्येच कुठे शॉर्ट आहे का? म्हणजे पैसे पाण्यात गेले का?

तिसरं, ह्या गाडीत बॅटरीचं प्लस बॉडीला आहे. गावातला वायरमन म्हणतो उलट करून टाका, आता सगळ्या गाड्यांना मायनस बॉडीला असतं. करू का? आजी सारखी म्हणते, "बेटा, तुन्हा आबानी गाडी शे ती, घाई करू नको." म्हणून विचारतोय. कोणाला अनुभव असेल तर नीट सांगा, मी वाट बघतोय.

प्रतिसाद (धुळे)

भाऊ, बल्ब मध्ये घातला हे फार चांगलं केलं, नाहीतर आज नवीन सेटही गेला असता.

रंगांचं सांगतो. ही लुकास ह्या ब्रिटिश इलेक्ट्रिकल कंपनीची पद्धत आहे, मूळ मॉरिस ऑक्सफर्डची गाडी असल्यामुळे अँबेसेडरमध्ये तीच आली. जुन्या ब्रिटिश रंगपद्धतीत डायनामोची डी (करंट बाहेर देणारी) वायर पिवळी आणि एफ (फील्डची, म्हणजे आतल्या चुंबकाच्या गुंडाळीची) वायर पिवळी-हिरवी असायची. नंतरच्या पद्धतीत डी म्हणजे तपकिरी-पिवळी आणि एफ म्हणजे तपकिरी-हिरवी झाली. तुमचा सेट नव्या रंगात बनवलाय, एवढाच फरक. बाकीचे रंग दोन्हीकडे सारखेच: साधी तपकिरी म्हणजे बॅटरीचा थेट करंट, फ्यूज नसलेला, पांढरी म्हणजे चावी फिरवल्यावर येणारा, हिरवी म्हणजे चावी अधिक फ्यूज, त्यावर इंडिकेटर, ब्रेक लाईट, वायपर, निळी हेडलाईटची, त्यात निळी-पांढरी अप्पर आणि निळी-लाल डिपर, लाल पार्किंग आणि टेल, काळी अर्थिंग. रंग फिके पडले असले तरी पिनेच्या आत जरा सोलून बघा, तिथे खरा रंग टिकलेला असतो.

डायनामोवर डीचं टर्मिनल मोठं आणि एफचं लहान असतं, त्यामुळे तिथे चुकायला नको. कटआउटच्या बाजूला मात्र अक्षरं वाचूनच लावा, ए, ए१, डी, एफ, ई अशी कोरलेली असतात, वर रंग चढला असेल तर पेट्रोलच्या बोळ्याने पुसा. उरलेल्या तीन वायरी कापू नका, टोकाला स्लीव्ह घालून मागे बांधून ठेवा. असे सेट दोन-तीन मॉडेलला चालतील असे बनवतात.

प्रतिसाद (भुसावळ)

नमस्कार. माझी सगळी नोकरी इथल्या इलेक्ट्रिक लोको शेडला झाली, आणि घरी माझीही मार्क टू होती, म्हणून लिहितो.

तुमच्या लिहिण्यातच उत्तर आहे भाऊ. इंजिन बंद करून खाली उतरल्यावर धूर आला आणि सगळ्यात जास्त पिवळी वायर जळाली. आता चावी बंद असताना बल्ब पेटतो आणि फ्यूज काढून फरक पडत नाही. ह्या चारही गोष्टी एकाच जागी बोट दाखवतात. बल्ब जोडलेला ठेवा आणि कटआउटच्या डी टर्मिनलवरची ती तपकिरी-पिवळी वायर काढा. बल्ब विझला तर सेट चांगला आहे, दोष कटआउटमध्ये आहे.

कारण असं. त्या डब्यात दोन गुंडाळ्या असतात. एक रेग्युलेटर, जी डायनामोचा व्होल्टेज आवरते. दुसरी खरी कटआउट, तिच्यावर जाड तारेचे वेढे दिसतील. डायनामोचा व्होल्टेज साधारण १२.७ ते १३.३ वर गेला की ती पॉइंट (करंट जोडणारे-तोडणारे दोन संपर्क) मिटवते आणि बॅटरी चार्ज व्हायला लागते. इंजिन बंद झालं की पॉइंट उघडले पाहिजेत. ते चिकटून राहिले तर बॅटरीचा करंट उलटा डायनामोत जातो, डायनामो मोटरसारखा फिरायला बघतो पण बेल्ट त्याला फिरू देत नाही, मग तो नुसता करंट ओढत बसतो. आणि ह्या रस्त्यात एकही फ्यूज नाही. मग वायरच जळते.

तेव्हा बॅटरी काढून डब्याचं झाकण उघडा. गाडी बंद असताना कटआउटचे पॉइंट उघडे दिसले पाहिजेत आणि रेग्युलेटरचे मिटलेले. दोन्ही मिटलेले दिसले तर कळलंच.

वायरमनवर राग धरू नका पण प्लस-मायनस आत्ता उलटं करू नका. एका वेळी एकच बदल, नाहीतर दोष शोधताना दोन्ही गोष्टी एकमेकीत गुंततात. वायर, बल्ब, सेल्फ ह्यांना पोलॅरिटीचा फरक पडत नाही. फरक पडतो तो कॉइलला, रेडिओला, एलईडीला, मोबाईल चार्जरला आणि इलेक्ट्रॉनिक फ्लॅशरला. तसलं काही टाकायचं नसेल तर प्लस बॉडीलाच राहू द्या, काहीच बिघडत नाही.

मूळ लेखक

भाऊ, तुमचा प्रतिसाद वाचून रात्रीच शेडमध्ये गेलो. डीची वायर काढली आणि बल्ब विझला. मी दोनदा लावून काढून बघितली, लावली की पेटतो, काढली की विझतो.

झाकण उघडलं. आत पॉइंटच्या जागी छोटासा काळा-निळा डाग होता आणि दोन्ही पॉइंट वेल्डिंग केल्यासारखे एकमेकांना धरून होते, ब्लेडचं टोक घालून जरा दाबलं तेव्हा टक्कन सुटले. त्या एवढ्याशा, ज्वारीच्या दाण्यापेक्षा लहान जागेमुळे अख्खी गाडी जळत होती. मी सहा महिने उंदरांना दोष देत होतो, आणि त्या रात्री बॅटरी सरळ जोडली असती तर नवीन सेटही पहिल्या पाच मिनिटांत गेला असता.

आता दोन प्रश्न. पॉइंट घासून हाच कटआउट वापरू का? आणि डायनामो ह्या भानगडीत गेला असेल का, कसा तपासायचा?

प्रतिसाद (भुसावळ)

एकदा चिकटलेल्या पॉइंटवर माझा भरवसा नाही. बारीक काचपेपरने घासून तात्पुरता चालेल, पण त्यावर गाडी सोडून झोपू नका. दुसरा बघा. आणि बॅटरीला एक मेन कट-ऑफ स्विच बसवा, ट्रकला असतो तसा. गाडी लावली की तो बंद. जुन्या गाडीला ह्याच्याएवढं स्वस्त संरक्षण दुसरं नाही.

डायनामो असा तपासा. त्याच्यावरच्या दोन्ही वायरी काढा, डी आणि एफ एका छोट्या तारेने एकत्र जोडा, मीटरची एक वायर त्या जोडावर आणि दुसरी डायनामोच्या बॉडीवर. इंजिन सुरू करून हळूहळू रेस द्या. काटा भरभर वर गेला पाहिजे. २० व्होल्टच्या वर जाऊ देऊ नका आणि इंजिन जोरात फिरवू नका, ह्या चाचणीत त्याला आवरणारं काहीच नसतं. काटा हललाच नाही तर कार्बन ब्रश बघा, बहुतेक वेळा ते झिजलेले किंवा अडकलेले असतात.

नवीन कटआउट बसवल्यावर इंजिन सुरू करायच्या आधी डायनामोला पोलॅरिटी द्या: कटआउटवरची एफची वायर काढून तिचं टोक ए टर्मिनलला क्षणभर टेकवा, छोटी ठिणगी पडेल, झालं, परत जागेवर लावा.

प्रतिसाद (शहादा)

वरचं सगळं बरोबर आहे, मी एकच भर घालतो. सेट उघडा आहे तोवर हेडलाईटला रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) टाकून घ्या. ६०/५५ वॅटचे हॅलोजन लावणार असाल तर दोन्ही मिळून जवळपास दहा अँपिअर होतात आणि तो सगळा करंट पन्नास वर्षांच्या स्विचमधून जातो, स्विच गरम होतो आणि उजेडही पिवळा पडतो. आणि डायनामो जेमतेम वीस-बावीस अँपिअरचा, हे लक्षात ठेवूनच लाईट लावा, शंभर वॅटचे बल्ब कोणी सुचवले तरी घेऊ नका. फायरवॉलमधून वायर जिथे जाते तिथे रबर बुश नवीन टाका, पत्र्याची धार वायर कापते. आमच्याकडच्या मे महिन्यात बॉनेटखाली जी उष्णता असते त्यात साधी इन्सुलेशन टेप चिकट होऊन सुटते, म्हणून जोड टेपने करू नका, थिंबल (वायरच्या टोकाची धातूची टोपी) दाबून वर स्लीव्ह.

मूळ लेखक

सगळ्यांचे मनापासून आभार, काय झालं ते लिहितो म्हणजे पुढे कोणी शोधत आलं तर उपयोगी पडेल.

डायनामो चांगला निघाला, काटा पंधरापर्यंत सरळ गेला तिथेच मी रेस सोडली. कटआउट जळगावला एका जुन्या दुकानात मिळाला, दुकानदार आजोबांनी कपाटाच्या वरच्या खणातून पुठ्ठ्याचा खोका काढला, धूळ झटकली आणि मला म्हणाले आधी झाकण उघडून पॉइंट बघा मगच पैसे द्या. तिथल्या तिथे उघडले, कटआउटचे उघडे, रेग्युलेटरचे मिटलेले. तुम्ही सांगितलं नसतं तर मला काय बघायचं तेच कळलं नसतं.

काल संध्याकाळी बल्ब मध्ये ठेवूनच बॅटरी जोडली. अंधार. म्हणजे बल्ब पेटला नाही, आणि तो न पेटलेला बल्ब बघून मला जो आनंद झाला तो सांगता येत नाही. मग एकेक स्विच चालू केला, पार्किंगला बल्ब मंद पेटला, हेडलाईटला फुल, म्हणजे सगळं जिथल्या तिथे. मग बल्ब काढून सरळ जोडणी, पोलॅरिटी दिली, सेल्फ मारला, लाल दिवा लागला आणि रेस दिल्यावर विझला. बॅटरीवर मीटर धरला तर इंजिन जरा वर असताना १४ च्या आसपास.

एकच गोष्ट राहिली होती, मागचा उजवा इंडिकेटर मंद लुकलुकत होता आणि ब्रेक दाबला की पार्किंगही कमी व्हायचा. तासभर वायर शोधत बसलो आणि मग लक्षात आलं की डिकीला नवीन रंग मारलाय, लाईटचा स्क्रू रंगावर बसलाय, अर्थिंगच नाही. स्क्रूखालचा रंग खरवडून पत्रा चमकवला, ग्रीसचं बोट लावलं, लगेच ठीक झालं. रंग नवीन असेल त्यांनी हे आधी बघा.

प्लस बॉडीलाच ठेवलंय. कट-ऑफ स्विच ड्रायव्हर सीटच्या खाली बसवलाय, उतरताना हात सहज जातो. रिले अजून टाकायचे आहेत, त्या भाऊंना नंतर विचारीन. मंगळवारी आजीला मंगळग्रह मंदिराला घेऊन जायचंय, ती आत्ताच विचारून गेली की पुढच्या सीटवर बसू का मागे.