घरच्या वर्कशॉपसाठी स्वस्तातली टूल्स घ्यावीत का?

हौशी_सुतार_पुणे

नमस्कार मंडळी, सल्ला पाहिजे होता. नवीन फ्लॅटमध्ये राहायला आलोय, सोसायटीने पार्किंगच्या मागची एक छोटी खोली वापरायला दिलीय आणि तिथे हळूहळू वर्कशॉप उभं करायचं मनात आहे. काम म्हणजे काय तर १८ मिमी प्लायचं चप्पल स्टँड, मुलीचं स्टडी टेबल, भिंतीवर दोन-चार शेल्फ आणि बाबांच्या जुन्या सागवानी पलंगाची दुरुस्ती. रोज नाही, शनिवार-रविवार जमेल तसं. बजेट सगळं मिळून १२ हजाराच्या आसपास.

ऑनलाइन बघायला बसलो तर काही ठरतच नाहीये. एकीकडे बॉश, मकिता, डिवॉल्ट, दुसरीकडे कधी नाव न ऐकलेल्या कंपन्यांचे अर्ध्याहून कमी किमतीत ड्रिल आणि ग्राइंडर, वर शंभर पीसची पेटी फुकट, आणि बॅटरीवाल्या ड्रिलवर तर ४८ व्हीएफ, ८८ व्हीएफ असले आकडे. ऑफिसातला मित्र म्हणतो घरच्या वापराला स्वस्तातलं आरामात चालतं, सासरे म्हणतात हत्यार घ्यायचं तर एकदाच घ्या. दोघंही हाताने काम करणारे आहेत त्यामुळे कुणाचं ऐकू कळत नाही.

नागदेवीकर

मुंबईत नागदेवी स्ट्रीटला टूल्सच्याच धंद्यात आहे म्हणून सांगतो, आधी ते व्हीएफचं डोक्यातून काढून टाक. लिथियमच्या एका सेलचे व्होल्ट ३.६ धरतात, फुल चार्ज झाला की ४.२. पाच सेल लावले की १८ व्होल्ट, फुल चार्जला २१. नामांकित कंपन्या ज्याला १८ म्हणतात, काही जण त्यालाच २० मॅक्स म्हणतात, आणि ४८-८८ व्हीएफ लिहिलेल्या बॅटरीत बहुतेक वेळा तेच पाच सेल असतात, तो आकडा व्होल्टचा नसतोच. बॅटरीवर खाली बारीक अक्षरात खरे व्होल्ट आणि एएच (अँपिअर-अवर, म्हणजे बॅटरीत किती चार्ज मावतो) लिहिलेत का ते बघायचं, नसतील तर सोडून द्यायचं. आणि बॅटरीचं टूल घेताना पुढच्या तीन-चार वर्षांनी तशीच बॅटरी सुटी मिळेल का हा प्रश्न पहिला, कारण ड्रिल धडधाकट राहतं, मरते ती बॅटरी.

शंभर पीसच्या पेटीचं म्हणशील तर त्यात तुला लागणारे पीस जेमतेम पंधरा, बाकी पत्र्याचे सॉकेट आणि मऊ लोखंडाचे बिट, स्क्रू थोडा घट्ट असला की बिटाचंच टोक गोल होतं आणि स्क्रूचा खाचा पण जातो. त्यापेक्षा पीएच-२ चे (अधिक चिन्हासारख्या खाचेच्या स्क्रूचे) चार चांगले बिट, लाकडाचे एचएसएस (हाय स्पीड स्टील) ड्रिल बिट ३ ते १० मिमी आणि भिंतीसाठी कार्बाइड टोकाचे ६ आणि ८ मिमी एवढे सुटे घे. पक्कड, पाने, डिसमिस नाशिकच्या टपारियाचे घे, स्वस्तातल्या मालापेक्षा फार महाग पडत नाहीत आणि घरात पिढी काढतात.

कोल्हापुरी_फिटर

वरच्या दादांनी बरोबर सांगितलंय पण मला वाटतं मुद्दा स्वस्त-महागाचा नाहीच, मशीन बंद पडल्यावर तुमच्या गावात ते उघडणारा माणूस आहे का हा आहे. आपल्याकडं एमआयडीसीत ग्राइंडर, ड्रिल दिवस-दिवस चालतात, जळतात, रिपेअर होतात, परत चालतात. कार्बन ब्रश (मोटरच्या फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे तुकडे) झिजणार, स्विच जाणार, आर्मेचर (मोटरचा फिरता भाग) जळणार, हे महागातल्या मशीनचं पण होतंय. फरक एवढाच की चालत्या मॉडेलचं आर्मेचर, फील्ड (मोटरचं स्थिर वाइंडिंग), गिअर कुठल्याही रिवाइंडिंगवाल्याकडं टांगलेलं असतंय आणि ऑनलाइन आलेल्या बिननावाच्या मशीनचं मिळतच नाही, मग कार्बन ब्रशसाठी पण मशीन भंगारात.

म्हणून घ्यायच्या आधी जवळच्या रिपेअरवाल्याकडं जाऊन सरळ विचारायचं, काका तुमच्याकडं कुठल्या मशीनचे पार्ट पडून असतात? तो जे नाव सांगेल ते घ्यायचं, मग ते बॉश असो नाहीतर आमच्या शिरोळची केपीटी असो नाहीतर मधल्या किमतीतलं इंगको, टोटल असो. हा एक प्रश्न सगळ्या ऑनलाइन स्टारपेक्षा भारी आहे.

दुकानात मशीन हातात घेऊन बघण्यासारखं बरंच असतंय. कार्बन ब्रशची झाकणं बाहेरून उघडता येतात का बघा, येत असतील तर ब्रश घरी बदलता येतो. वाइंडिंग तांब्याचं का अॅल्युमिनियमचं ते स्पष्ट विचारा, एकाच मापाच्या तारेत अॅल्युमिनियमचा रेझिस्टन्स तांब्यापेक्षा बराच जास्त, त्यामुळं लोड आला की लवकर तापतंय. चकमध्ये (बिट पकडणारा पुढचा जबडा) एक सरळ बिट पकडा आणि हळू स्पीडला फिरवा, बिटाचं टोक जागेवर एका ठिपक्यासारखं दिसलं पाहिजे, गोल-गोल रिंगण घालताना दिसलं तर चक नाहीतर स्पिंडल (चक फिरवणारा दांडा) वाकडं, तिथंच परत ठेवा. मशीन बंद करून स्पिंडल आजूबाजूला हलवून बघा, खटखट लागली तर बेअरिंगच्या जागी नुसतं बुश (धातूची साधी नळी) असणार.

सई_लाकूडकाम

मी थोडं हातहत्यारांचं सांगते कारण लाकडाच्या कामात निम्मं यश तिथे असतं आणि बजेट ठरवताना सगळे मशीनच धरून बसतात.

गुण्या, म्हणजे काटकोन आखायचं हत्यार. स्वस्तातला गुण्या घ्यायला अजिबात हरकत नाही पण दुकानातच तपासून घ्यायचा. प्लायच्या तुकड्याची एक सरळ कडा बघायची, गुण्या लावून बारीक पेन्सिलने रेघ मारायची, मग गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून परत रेघ मारायची. दोन्ही रेघा एकमेकींवर बसल्या तर गुण्या खरा. वर जाताना फाकत गेल्या तर खोटा, आणि जेवढ्या फाकल्यात त्याच्या निम्मी चूक गुण्यात आहे. खोट्या गुण्याने आखलेलं टेबल नंतर कितीही महागाच्या मशीनने कापा, डुगडुगणारच.

पटाशी (लाकूड तासायची छिन्नी) मात्र भलत्या स्वस्तातली घेऊ नका, किंवा कमी घ्या पण बऱ्या घ्या, १२ आणि २५ मिमी अशा दोन पुरेत. स्वस्तातलीत पोलाद मऊ असतं, सागवानात दोन-चार टोले घातले की धार दुमडते, मग आपण जोर लावतो आणि हात सटकतो. धार लावायला चांगला दगड घ्या. आणि ग्राइंडरवर पटाशी कधीच निळी पडेपर्यंत घासू नका, निळा रंग आला म्हणजे तिथलं पाणी (पोलादाचा कडकपणा) उतरलं, ती धार आता टिकणार नाही.

याउलट क्लॅम्प. जी-क्लॅम्प, एफ-क्लॅम्प बिनधास्त स्वस्तातले आणि जास्त संख्येने घ्या, जरा जड आणि ओबडधोबड असतील पण दाब तोच देतात. लाकूड कापताना खाली ठेवायचे पक्के घोडे लाकडाचे घरीच बनवा, पहिलं प्रोजेक्ट तेच करा, सगळे सांधे हाताखालून जातात.

आणि ८ बाय ४ चा अख्खा प्लाय घरी कापायच्या भानगडीत पडू नका. प्लायच्या दुकानात किंवा जवळच्या फर्निचर कारखान्यात पॅनल सॉवर मापाप्रमाणे कापून मिळतो, कडा घरी कापण्यापेक्षा दहापट स्वच्छ येतात. मग सर्क्युलर सॉ सुरुवातीला लागतच नाही, बजेटमधले तेवढे पैसे मोकळे.

ओहायोचा_नगरकर

इकडे अमेरिकेत हाच वाद हार्बर फ्रेटवरून चालतो, कंपनी १९७७ पासूनची आहे आणि स्वस्त टूल्ससाठीच ओळखली जाते. इकडचा लोकप्रिय सल्ला असा की पहिल्यांदा स्वस्तातलं घ्या, वापरून वापरून मोडलं तर याचा अर्थ तुम्हाला ते खरंच लागतं, मग चांगलं घ्या. मला हा सल्ला बराचसा पटतो, सॉकेट, पाने, रबरी हातोडी असल्या गोष्टींना तर नक्कीच, कारण त्यांच्या बऱ्याच हातहत्यारांना आयुष्यभराची वॉरंटी आहे, मोडलेला पाना दुकानात दिला की दुसरा मिळतो. भारतात तशी सोय नसेल तर तो हिशोब तिथे जसाच्या तसा लागू होत नाही, हे फिटर साहेबांचं म्हणणं योग्यच आहे.

पण एका बाबतीत हा सल्ला कुठेच लागू नाही. २०२० मध्ये याच कंपनीने गाडीखाली लावायचे ३ आणि ६ टनांचे जॅक स्टँड परत मागवले होते, दात नीट अडकून न बसल्यामुळे स्टँड अचानक खाली येण्याचा धोका होता. मोडेपर्यंत वापरून बघू हे तिथे कसं म्हणणार, खाली माणूस आहे. जे मोडलं तर फक्त काम अडतं ते स्वस्तात घ्या, जे मोडलं तर अंगावर येतं त्याला पैसे घाला, मी तरी खरेदी अशीच करतो.

कोल्हापुरी_फिटर

नगरकर, शंभर टक्के. आणि त्याच हिशोबात ग्राइंडर पण धरा. ४ इंची ग्राइंडर मोकळा ११-१२ हजार आरपीएमनं फिरतोय. कटिंग चकतीवर तिची मर्यादा छापलेली असते, १०० मिमीच्या चकतीला ती १५ हजाराच्या वर असते, म्हणजे चांगल्या चकतीत जागा राखलेली असते. मशीन एकवेळ मधल्या किमतीचं चालेल पण चकती बिननावाची नको. मधल्या पत्र्याच्या रिंगवर महिना आणि वर्ष कोरलेलं असतंय, ती तिची मुदत, राळेत बांधलेली चकती जुनी आणि ओल लागलेली झाली की कमकुवत होते. गार्ड काढून ५ इंची चकती बसवायची नाही आणि ग्राइंडरला लाकूड कापायचं दातेरी ब्लेड तर अजिबात लावायचं नाही, कितीही सुतार लावताना दिसले तरी. दात लाकडात अडकला की मशीन हातातून उसळून थेट तोंडाकडं येतंय. गॉगल पाहिजेच, चष्मा म्हणजे गॉगल नव्हे.

हौशी दादा, तुमच्या यादीत ग्राइंडरचं काम मला तरी दिसत नाही. प्लाय आणि सागवान. मग घेऊच नका आत्ता.

हौशी_सुतार_पुणे

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं सविस्तर कुणी दुकानात सांगितलं नव्हतं. ग्राइंडर आणि सॉ यादीतून काढले. आता असं ठरतंय की वायरवालं १३ मिमी इम्पॅक्ट ड्रिल एक, तेही उद्या आमच्या इथल्या रिपेअरवाल्याला विचारून, मग सईताईंनी सांगितल्या त्या दोन पटाश्या, दगड, गुण्या, सहा क्लॅम्प आणि टपारियाची हातहत्यारं. बोहरी आळीत जाऊन हातात घेऊन बघणार. आता शेवटचा प्रश्न, शेल्फसाठी भिंतीत भोकं याच ड्रिलने पडतील ना? बिल्डर म्हणाला बाहेरच्या भिंती मिवानच्या आहेत आणि आतल्या काही ब्लॉकच्या.

नागदेवीकर

मिवान म्हणजे अख्खी भिंत काँक्रीटची, तिथे इम्पॅक्ट ड्रिल रडतं. त्यात दोन दातेरी चकत्या एकमेकींवर घासून ठोके देतात, विटेला ते पुरतं, काँक्रीटला नाही, तू मागून जेवढा रेटशील तेवढं बिट तापून कार्बाइडचं टोक निघून येईल. काँक्रीटला रोटरी हॅमर लागतो, आत पिस्टन हवा दाबून ठोका देतो, बिट एसडीएस-प्लस, म्हणजे खाचा असलेल्या दांड्याचे, हॅमरमध्ये नुसते खटकन बसणारे. पण चार भोकांसाठी तो विकत घेऊ नको, दिवसाच्या भाड्याने मिळतो किंवा सोसायटीच्या इलेक्ट्रिशियनकडे असतो, त्यालाच अर्धा तास बोलव. आणि भोक पाडायच्या आधी वायरिंगचे पाइप कुठून गेलेत ते बिल्डरच्या नकाशावर बघून घे, मिवानमध्ये ते काँक्रीटमध्येच गाडलेले असतात.

ब्लॉकच्या भिंतीचं बरोबर उलटं. एएसी ब्लॉक, सिपोरेक्स म्हणतात तेच, भुसभुशीत असतो. तिथे इम्पॅक्ट बंद करायचं, नुसतं ड्रिलवर ठेवून हळू भोक पाडायचं, नाहीतर ८ चं भोक १२ चं होतं आणि प्लग आत गरगर फिरत बसतो. साध्या पांढऱ्या प्लगऐवजी एएसीसाठीचे नायलॉन प्लग माग, त्यांना बाहेरून पंखे किंवा आटे असतात, आणि किमान ५०-६० मिमी आत जाईल असा लांबीचा घे. पुस्तकांचं शेल्फ असेल तर ते मिवानच्याच भिंतीवर टांग, ब्लॉकवर फक्त हलकं ठेव. मुंबईला येणं झालं तर दुकानावर चक्कर टाक, दोन्ही प्रकारचे प्लग दाखवतो.