सांबुरूंमधल्या बायका: आध्यात्मिक नेत्या की नुसत्या निरोप्या?

निशिगंधा:
उत्तर केनियातल्या सांबुरूंना 'म्हाताऱ्या पुरुषांचं राज्य' म्हणून आपण मोकळे होतो. पण एन्काईने, म्हणजे त्यांच्या देवाने, आपल्या घरी नेलं आणि परत धाडलं असं मानल्या गेलेल्या बायका-मुली तिथे आहेत. अभ्यासकांनी त्यांच्या हकिकती नोंदवल्यात. परत आल्यावर त्या एन्काईचे निरोप सांगतात आणि लोक ऐकतात. हे आध्यात्मिक नेतृत्व नाही तर काय?

जुना_वाडा:
निरोप सांगणं वेगळं, निर्णय घेणं वेगळं. तिथे मोरानांना, म्हणजे तरुण योद्ध्यांना, वळण लावतात ते दोन वयोगट वरचे वडीलधारे. भाला घेऊन फिरणारी पोरंही त्यांच्या शापाला टरकतात. लग्नं, विधी, गुरांचे तंटे सगळे त्यांच्या बैठकीत सुटतात, आणि त्या बैठकीत बायकांना जागा नाही. भविष्य पाहणारे लाइबोनही पुरुषच.

निशिगंधा:
आणि रोजची प्रार्थना? धार काढून दूध शिंपडत एन्काईकडे पोराबाळांसाठी, गुरांसाठी मागणं मागते ती बाईच.

खडीसाखर:
माझी आजी रोज तुळशीला पाणी घालायची. तिला कोणी मठाधिपती केलं नाही. :)

निशिगंधा:
मठच नाही तिथे, अधिपती कुठून आणणार! देऊळ नाही, पगारी पुजारी नाही. सगळा मान वयोगटावर चालतो. अशा समाजात एखाद्या कोवळ्या पोरीचं म्हणणं पिकल्या केसांनी ऐकून घ्यावं, ही लहान गोष्ट नाही. वयाची उतरंड ओलांडणारी दुसरी वाट दाखवा मला.

जुना_वाडा:
एवढा मान होता तर १९९० मध्ये रेबेका लोलोसोली आणि इतर बायकांना आर्चर्स पोस्टजवळ उमोजा हे फक्त बायकांचं गाव का वसवावं लागलं? मण्यांचे दागिने विकून पोट भरतात त्या.

निशिगंधा:
अत्याचार आणि मारहाण सोसलेल्या बायका होत्या त्या. देवाचा निरोप आणणारी एखादी असली म्हणून घरोघरचे नवरे सुधारत नाहीत, हे मान्यच. पण त्यावरून तिचा शब्द पोकळ कसा ठरतो?

जुना_वाडा:
लाइबोनाची विद्या घराण्यात उतरते. हिच्या मागे कोण?

निशिगंधा:
एन्काई ज्या कोणाला नेईल ती. म्हणून तर एखाद्या घराण्याला ते बळकावता येत नाही.