मदत हवी आहे: फ्रान्चेस्को पात्सी हातातून निसटतोय, आणि एवढा पैसेवाला माणूस चिडलाय कशावर?

रात्रपाळी:

मंडळी,

ॲसॅसिन्स क्रीड २ खेळतोय, पीएस ४ वर, एझिओ कलेक्शनमधली. गेम २००९ चा आहे हे माहीत आहे, त्यामुळे 'अजून इथेच का?' असे प्रतिसाद देऊ नयेत ही विनंती.

चौथ्या सिक्वेन्समध्ये, म्हणजे चौथ्या भागात, अडलोय. जखमी लोरेन्झो मेदिचीला (इटलीतल्या फ्लॉरेन्स शहराचा कर्ताधर्ता) कॅथेड्रलपासून घरी पोचवलं, ते जमलं. आता फ्रान्चेस्को पात्सीला पालात्सो देला सिन्योरियाच्या, म्हणजे शहराच्या सरकारी वाड्याच्या, माथ्यावर गाठायचंय. चढतो, गाठतो, दोनचार वार होतात आणि हा बाबा वरून खाली गवतात उडी टाकून पसार! मी वरच्या शिपायांना निपटून खाली येईपर्यंत तो दिसेनासा होतो आणि डीसिंक, म्हणजे डाव फुकट. मग परत सगळी भिंत चढा.

दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा. आम्ही तिघे मित्र मिळून एक छोटा गेम करतोय, त्यात खलनायक एक गडगंज सावकार आहे. ज्याला दाखवावं तो एकच शंका काढतो: इतका पैसा असताना हा जळफळेल कशाला? फ्रान्चेस्कोचंही तेच. बँक आहे, वाडा आहे, मोठं घराणं आहे. गेमचा नायक एझिओ, त्याचे वडील आणि दोन भाऊ फासावर गेले त्या कटात हाही सामील. गेम कारण देते ते टेम्प्लर या गुप्त संघटनेचं, म्हणजे हुकूम आला म्हणून. पण त्याचा चडफडाट दुसऱ्याच्या हुकमावरचा वाटत नाही. खऱ्या फ्रान्चेस्कोला काय खुपत होतं? जाणकारांनी लिहावं. गेमचं पुढचं फोडू नका. इतिहासातलं फोडलंत तरी चालेल, सव्वापाचशे वर्षं उलटून गेलीत.

डोंगरपायथा:

पहिल्याचं उत्तर सोपं आहे. वरच्या शिपायांना मारत बसू नकोस, ते कामाचे नाहीत. फ्रान्चेस्कोवर टार्गेट लॉक ठेव आणि त्याने उडी टाकली रे टाकली की त्याच कठड्यावरून त्याच्या मागोमाग लीप ऑफ फेथ (उंचावरून गवतात उडी). खाली गेल्यावर रस्त्यात कुठे मारामारी चालू असली तरी तिकडे ढुंकून बघायचं नाही. छपरावरून पाठलाग करायचा मोह होतो, पण चढण्यात वेळ जातो. रस्त्यानेच पळ, अंतर कमी झालं की पळता पळताच हिडन ब्लेड, म्हणजे मनगटातलं लपवलेलं पातं. त्याआधी चोचवाल्या डॉक्टरकडून औषधं भरून घे, भिंत चढायच्या आधी.

दुसऱ्या प्रश्नासाठी जुनीवही ताईंना हाक मारतो.

जुनीवही:

आले.

रात्रपाळी, तुमच्या मित्रांची शंकाच मुळात उलटी आहे. ज्याच्याकडे काही नाही त्याला मेदिचींचा एवढा राग येण्याचं कारण नव्हतं. पात्सी जुनं, खानदानी घराणं. सान्ता क्रोचेच्या आवारातलं पात्सी चॅपल त्यांच्याच पैशाचं, आराखडा ब्रुनेलेस्कीचा मानतात. मेदिची त्यांच्या मानाने नवे, पण फ्लॉरेन्सचा कारभार मुठीत कुणाच्या? लोरेन्झोच्या. तो नावाला राजा नाही, कुठल्या मोठ्या पदावर नाही, पण पदावर कोण बसणार हे त्याच्या माणसांना विचारल्याशिवाय ठरत नाही. पात्सींच्या वाट्याला पदं येत ती चिमूटभर.

आता व्यवहार बघा. पोप सिक्स्टस चौथा याला आपल्या भाच्यासाठी इमोला हे गाव विकत घ्यायचं होतं, किंमत ४०,००० डुकाट (सोन्याची नाणी). त्या जागेवर लोरेन्झोचाही डोळा होता, त्यामुळे मेदिची बँक कर्ज द्यायला तयार होईना. पात्सींनी दिलं. रोममधला धंदा सांभाळणारा माणूस हाच, फ्रान्चेस्को. १४७४ मध्ये पोपचं खातं मेदिचींकडून पात्सींकडे गेलं. १४७६ मध्ये तुरटीचा मक्ताही गेला. तुरटी म्हणजे दाढीनंतर फिरवतो तीच. लोकरीच्या कापडावर रंग पक्का बसवायला ती लागायचीच, आणि पोपच्या मुलखात तोल्फाला तिच्या खाणी. फ्लॉरेन्सचं पोट कापडावर, म्हणजे हा मक्ता किती मोठा ते समजा.

म्हणजे धंद्यात फ्रान्चेस्को जिंकत होता! आणि तरीही घरी, फ्लॉरेन्समध्ये, त्याला कुणी विचारत नव्हतं. त्यात १४७७ मध्ये लोरेन्झोच्या वजनाने वारसाहक्काचा एक कायदा झाला: मृत्युपत्र नसेल तर मुलीच्या आधी पुतण्यांचा हक्क. फ्रान्चेस्कोचा भाऊ जोव्हान्नी याची बायको बेआत्रिचे बोर्रोमेई, बापाची एकुलती एक. तिच्या वडलांची मोठी इस्टेट पात्सींच्या घरात यायची, ती या कायद्याने चुलतभावाकडे गेली. आणि दुसरा भाऊ गुल्येल्मो हा कोण? लोरेन्झोच्या सख्ख्या बहिणीचा, बिआंकाचा नवरा! ज्या घरात सोयरीक केली त्याच घराच्या हातचा घास कायदा करून काढून घेतला.

तुमच्या सावकाराला हेच द्या. त्याला गरीब करू नका, लुटू नका. पैसा राहू द्या आणि गावच्या पंगतीत पान मागच्या ओळीत मांडा.

रात्रपाळी:

ताई, हे म्हणजे घबाडच मिळालं. विएरीचं काय? गेममध्ये तो फ्रान्चेस्कोचा मुलगा. सुरुवातीलाच पॉन्ते व्हेक्कियोवर एझिओशी राडा करतो.

जुनीवही:

विएरी गेमवाल्यांचा, इतिहासात असा मुलगा नाही. काका याकोपो मात्र खरा, घराण्याचा कर्ता तोच. जुगाराचा शौकीन. लोरेन्झो आणि त्याच्या भावाला मारायच्या कटाला आधी तयार नव्हता असं सांगतात. बरोबर पिसाचा आर्चबिशप साल्व्हियाती, आणि पोपचा तोच भाचा, जिरोलामो रिआरिओ.

२६ एप्रिल १४७८, रविवार, कॅथेड्रलमध्ये मोठी प्रार्थना. लोरेन्झोला मारायचं काम मोन्तेसेक्को नावाच्या शिपाईगड्याकडे होतं. देवळात खून करणार नाही म्हणून तो अडून बसला, तेव्हा ते दोन पाद्र्यांकडे गेलं आणि त्यांना ते जमलं नाही. लोरेन्झोच्या मानेला जखम झाली, पण तो निसटून आतल्या खोलीत गेला आणि दार लावून घेतलं. त्याचा धाकटा भाऊ जुलियानो मात्र सापडला. देवळाकडे जाताना फ्रान्चेस्कोने थट्टेच्या निमित्ताने त्याला कवेत घेतलं होतं म्हणे, अंगात चिलखत आहे का ते चाचपायला. मग बांदिनी बारोन्चेल्ली आणि फ्रान्चेस्को या दोघांनी १९ वार केले. फ्रान्चेस्को इतका बेभान की एक वार स्वतःच्याच मांडीत बसला.

तुमच्या गेममध्ये तो गच्चीवरून उडी टाकून गल्ल्यांतून धावतो. खरा फ्रान्चेस्को त्या मांडीमुळे काकाच्या घरी अंथरुणावर पडून होता. तिथून उघडानागडा ओढत नेला आणि सिन्योरियाच्या खिडकीतून लटकवला, त्याच्या शेजारी आर्चबिशप. याकोपो घोड्यावरून 'लोक आणि स्वातंत्र्य' ओरडत फिरला, तर लोक मेदिचींच्या नावाने घोषणा देऊ लागले. पुढे पात्सींचं नाव आणि चिन्ह दोन्हींवर बंदी आली. गुल्येल्मो वाचला तो बायकोमुळे.

भजीप्लेट:

थोडा विरोधी सूर. ताईंचं सगळं मान्य, पण तुरटीचा मक्ता आणि वारसाहक्क गेमच्या कटसीनमध्ये कसा दाखवणार? खेळणारा एक्स बटण दाबून पुढे जाईल. विएरीची ती पुलावरची दगडफेक दोन मिनिटांत सांगते की या घराला त्या घराचं बघवत नाही. बनावट पोरगा असला तरी मला तो जमलेला वाटतो. टेम्प्लरवाला भाग मात्र पातळ आहे. त्यामुळे एकेका खलनायकाचा स्वतःचा राग वाया जातो.

जुनीवही:

दगडफेक चांगली आहे, नाही म्हणत नाही. पण इस्टेटीचा कागद वाचून दाखवणारा कारकून आणि समोर गप्प बसलेला फ्रान्चेस्को, हा प्रसंग मी तरी एक्स न दाबता पाहिला असता.

रात्रपाळी:

अपडेट: फ्रान्चेस्को झाला. उडीमागे उडी टाकली, रस्त्यानेच गाठला. डोंगरपायथा, आभार.

सावकाराचं असं ठरतंय: जकातीचा ठेका त्याला मिळालेला, गावातला सगळ्यात मोठा वाडा त्याचा, पण जत्रेत पालखीला खांदा द्यायचा मान पाटलाच्या घराकडे, आणि त्याची बहीण त्याच पाटलाकडे दिलेली. मित्रांना आज रात्री पाठवतो. आक्षेप आले तर इथेच आणून टाकेन. आणि पाचव्या सिक्वेन्सआधी काय घेऊन ठेवू?

डोंगरपायथा:

औषधं आणि फेकायचे सुरे, दोन्ही पूर्ण भरून. सान जिमिन्यानो गावाच्या मनोऱ्यांवर तिरंदाज असतात, त्यांना खालूनच उडवत चढ. बाकी फोडत नाही.