चित्र न दाखवता चित्रांवर व्याख्यान कशाला?

अक्षरवेडी
परवा आमच्या वाचनालयात 'चित्रकला आणि साहित्य' यावर व्याख्यान झालं. वक्ते अभ्यासू होते, सभागृह भरलेलं होतं. पण दीड तासात एकही चित्र दाखवलं नाही.

कवी अरुण कोलटकर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले, जाहिरातक्षेत्रात ग्राफिक डिझायनर होते, हे सांगून झालं. मग त्यांच्या १९७६च्या 'जेजुरी' या कवितासंग्रहातली ज्वारीच्या शेतात कोंबड्या नाचतात ती इंग्रजी कविता वाचली. ती छापलेली ज्यांनी पाहिलीय त्यांना माहीत आहे, 'अप' आणि 'डाउन'ची अक्षरं पानभर उधळलेली आहेत. कोंबड्या उडताना डोळ्यांना दिसतात. कानावर मात्र नुसतं 'अप अँड डाउन' पडलं. शेजारच्या काकू म्हणाल्या, "यात चित्र कुठं आलं गं?" पुस्तक पिशवीत होतं, पान उघडून दिलं. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, पुस्तक हातभर लांब धरलं आणि म्हणाल्या, "अगंबाई, या तर खरंच उड्या मारतायत!"

दीड तासात जे झालं नाही ते त्या एका पानानं केलं. चित्र किंवा पान समोर ठेवता येत नसेल, तर असं व्याख्यान ठेवूच नये.

कोराकागद
अजिबात पटलं नाही. चित्रकार प्रभाकर बरव्यांनी एनॅमल रंगांत कामं केली. त्या रंगाची लकाकी प्रोजेक्टरच्या पडद्यावर कुठून आणणार? पडद्यावर दिसतो तो चित्राचा फोटो, आणि लोक चित्र पाहिल्याच्या समाधानात घरी जातात. मला हे जास्त घातक वाटतं. शिवाय चित्र समोर आलं की वक्ता त्याचा अर्थ सांगत सुटतो आणि आपलं बघणं तिथंच थांबतं.

बरव्यांचं 'कोरा कॅनव्हास' वाचा. चित्रकारानं मराठीत लिहिलेलं पुस्तक. मी ते वाचलं तेव्हा त्यांचं एकही मूळ चित्र पाहिलं नव्हतं. तरी टेबलावरचं घड्याळ, झाडाचं पान यांच्याकडे मी वेगळ्या नजरेनं बघायला लागलो. नुसत्या शब्दांनी एवढं होतं.

मडगावकर
मूळ चित्र, मूळ चित्र काय करताय? आमच्या घरी भिंतीवर चित्र आलं ते दिवाळी अंकातून. चित्रकार दीनानाथ दलाल आमच्या गोव्याचे. १९४५मध्ये त्यांनी 'दीपावली' काढला. माझे वडील मुखपृष्ठ ब्लेडनं सोडवून काचेत बसवायचे, आणि कापलेल्या अंकातल्या कथा आई दुपारी वाचायची. चित्र आणि साहित्य वेगळं असतं हे मला शाळेत गेल्यावर कळलं! व्याख्यानाला जुने अंक न्या, माणसांच्या हातात द्या. ते छापलेलंच होतं, त्यामुळे 'हा फोटो आहे' अशी तक्रारही उरत नाही.

कोराकागद
दलालांबाबत मान्य. पण मुखपृष्ठ कथेच्या सोबतीनं येतं. स्वतंत्र चित्राला कथेची गरज नसते. दोन्हींना एकाच माळेत ओवू नका.

अक्षरवेडी
ओवत नाहीये. उलट हा फरकच श्रोत्यांना दाखवायला हवा, आणि तो दोन्ही शेजारी ठेवल्याशिवाय दिसणार नाही. २०१९मध्ये मुंबईत नॅशनल गॅलरी ऑफ मॉडर्न आर्टमध्ये बरव्यांचं मोठं प्रदर्शन झालं, तेव्हा चित्रांबरोबर त्यांच्या डायऱ्याही मांडल्या होत्या. म्हणजे शब्द आणि चित्र एका छताखाली होतेच ना? शब्द चित्राच्या आड आले असं मला नाही वाटत.

वक्ता अर्थ लादतो, ही तुमची भीती मात्र खरी आहे. त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, म्हणून दोन दिवस गप्प होते. आता वाचनालयाला पत्र देतेय: पुढच्या वेळी टेबलावर पुस्तकं आणि जुने दिवाळी अंक मांडा, लोकांना आधी अर्धा तास चाळू द्या, वक्ता त्यानंतर बोलेल.

कोराकागद
त्या अर्ध्या तासात माइक बंद राहणार असेल तर मी येतो. प्रोजेक्टरला माझा विरोध कायम आहे.

मडगावकर
वडिलांनी काचेत बसवलेलं एक मुखपृष्ठ अजून आहे माझ्याकडे. कडा पिवळ्या पडल्यात. टेबलावर ठेवणार असाल तर घेऊन येतो.