पट घटतोय, निकालही घसरलाय, मुलीला सरकारी प्राथमिक शाळेत घालावं का?

प्रश्न:
मुलगी पुढच्या वर्षी पहिलीत जाईल. गाव छोटं, सरकारी शाळा चालत जाण्यासारखी, पण दरवर्षी पट कमी होतोय आणि यंदा चौथीचा निकाल पार खाली आलाय. जो तो म्हणतो दुसरीकडे घाला, पण एवढ्याशा पोरीला रोज लांब बसने पाठवायचं जिवावर येतं. शाळा खरंच बिघडली असं धरायचं का?

उत्तर १:
एका वर्षाच्या निकालावर अजिबात जाऊ नका. चौथीत १० मुलं असतील तर एक मूल म्हणजे १० टक्के, दोघं परीक्षेला आजारी पडली की निकाल धाडकन खाली, शिकवण्यात काडीचा फरक नसला तरी. केन आणि स्टायगर या अमेरिकन अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या शाळांचे निकाल तपासले, त्यात अगदी वर आणि अगदी खाली दोन्हीकडे लहान शाळाच जास्त निघाल्या. तीन-चार वर्षांचे निकाल एकत्र बघा, आणि जमलं तर तीच मुलं दुसरीत कुठे होती आणि चौथीत कुठे आली ते विचारा.

उत्तर २:
मी प्राथमिकला शिकवते. ताई, पट का घटला ते आधी शोधा. जन्मच कमी झाले असतील किंवा कुटुंबं कामासाठी बाहेर गेली असतील तर शाळेचा काय दोष? पण ऐपत असलेल्यांनी मुलं काढून नेली की सरासरी आपोआप खाली येते, उरलेलं प्रत्येक मूल आधीइतकंच शिकत असलं तरी, आणि मग तो निकाल बघून आणखी चार जण दाखला काढतात, याचं फार वाईट वाटतं. एक तास वर्गात बसू द्या म्हणून विचारा. वह्या बघा, नुसती लाल खूण आहे की खाली मुलाने चूक सुधारून परत लिहिलंय.

उत्तर ३:
वह्यांचं पटलं, पण वर्ग छोटा म्हणजे चांगलाच असंही समजू नका. अमेरिकेतल्या टेनेसी राज्यात १९८५ पासून चार वर्षं प्रयोग झाला, १३ ते १७ मुलांचे वर्ग २२ ते २५ वाल्यांपेक्षा वाचनात-गणितात पुढे होते, हे खरं. पण तिथे एका वर्गात एकच इयत्ता होती. पट घसरला की शिक्षक कमी होतात आणि एकाच बाईंकडे दोन-तीन इयत्ता येतात, पहिलीची मुलं अक्षरं गिरवत बसतात आणि बाई तिसरीला भागाकार शिकवतात. तयारीचे शिक्षक हेही छान जमवतात, पण सगळ्यांना जमत नाही.

प्रश्नकर्ती:
खूप आभार. या आठवड्यात शाळेत जाते, पुढच्या वर्षी पहिलीला स्वतंत्र बाई असणार का हे आधी विचारते.